घरी वापरायचा फीटल डॉपलर (पोटातल्या बाळाचे ठोके ऐकायचं मशीन), साडेचार महिने वापरून मग लिहितेय

सरळ सांगते, पाचपैकी दोन स्टार. एक स्टार सोबत जेलची बाटली आली म्हणून आणि दुसरा मशीन अजून बंद पडलं नाही म्हणून. ब्रँडचं नाव टाकत नाहीये, कारण असली आठ-दहा मशीन ऑनलाइन मिळतात, सगळ्यांचं रूप एकच, गुलाबी नाहीतर आकाशी, इवलासा स्क्रीन आणि वायरला लोंबणारा माईकसारखा प्रोब, आणि माझं जे म्हणणं आहे ते कुठल्याही कंपनीच्या मशीनला लागू पडेल. मला सेलमध्ये साडेतीन हजारांच्या आसपास पडला. रिव्ह्यू लांबणारे, आधीच सांगून ठेवते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, यात चित्रबित्र काही दिसत नाही, नुसता आवाज. पोटावर जेल लावायचं, प्रोब ठेवून हळूहळू फिरवायचा, प्रोबमधून निघालेल्या ध्वनिलहरी आत जे काही हलतंय वाहतंय त्यावर आदळून परत येतात, मशीन त्याचा आवाज करतं आणि स्क्रीनवर मिनिटाला किती ठोके तो आकडा येतो. डॉक्टरांच्या ओपीडीत असतो तोच प्रकार, फक्त घरगुती.

आता घेतला का ते. गेल्या वर्षी माझं मिसकॅरेज झालं, नववा आठवडा संपत आलेला. लोकांना वाटतं मिसकॅरेज म्हणजे पोटात कळ, ब्लीडिंग, धावपळ. माझ्या बाबतीत यातलं काहीच नाही झालं. सकाळच्या उलट्या चालू, कुकरची शिट्टी झाली की मळमळ चालू, सगळं कसं छान. रुटीन सोनोग्राफीला गेले, डॉक्टर मॅडम आधी गप्पा मारत होत्या, कासारवडवलीहून यायला किती वेळ लागला वगैरे, आणि मग बोलायच्या थांबल्या. माउसचे क्लिक तेवढे ऐकू येत होते. मग त्यांनी स्क्रीन स्वतःकडे जरासा वळवला. तो स्क्रीन वळला ना, तेव्हाच मला कळलं. वाढ सात आठवड्यांवर थांबलेली, ठोके नाहीत. म्हणजे जवळजवळ दोन आठवडे आत काहीच चालू नव्हतं आणि मी इकडे आईला फोन करून डिंकाचे लाडू जास्त गोड करू नकोस म्हणून सांगत होते.

फाइलवर याला मिस्ड अबॉर्शन लिहितात. हा शब्द एक वेगळाच त्रास आहे. आमच्या ऑफिसातल्या एचआरच्या मुलीने कागद बघून विचारलं, “तुम्ही करून घेतलंत का?” मी काही बोललेच नाही. नंतर तिलाच कायदा उघडून दाखवला की मॅटर्निटी बेनिफिटच्या नियमांत मिसकॅरेजनंतर सहा आठवड्यांची पगारी रजा आहे, डॉक्टरांचं सर्टिफिकेट असेल तर ती मिळते, सिक लीव्ह कापायची नाही. तिला खरंच माहीत नव्हतं. तुमच्याही एचआरला नसेल तर सांगा, विषय निघालाच आहे म्हणून लिहिलं.

तर यावेळी दिवस गेले तेव्हा माझी भीती इतरांसारखी नव्हती. ब्लीडिंगची भीती नव्हतीच मुळी. भीती होती ती सगळं छान वाटत असण्याची. उलटी झाली तरी विश्वास नाही, नाही झाली तर त्याहून विश्वास नाही. त्यात पहिल्या स्कॅनला सहाव्या आठवड्यात गेले, तर नुसती पिशवी आणि आतला तो बारीक गोल, यॉक सॅक, एवढंच दिसलं. मॅडम म्हणाल्या लवकर आलीयेस, दहा दिवसांनी ये. दहा दिवस! मला वाटलं या मला टाळतायत, वाईट बातमी पुढे ढकलतायत. त्यांनी समजावलं की गर्भाची लांबी सात मिलिमीटर किंवा त्याहून जास्त असून ठोके नसतील तरच नक्की सांगता येतं, त्याआधी घाई केली तर धडधाकट प्रेग्नन्सीलाही चुकून संपली म्हणायची पाळी येते, म्हणून आठवडा-दोन आठवडे थांबून परत बघतात. पटलं. पण पटणं वेगळं आणि झोप लागणं वेगळं. त्या दहा दिवसांत रात्री दोन-दोन वाजता मोबाईलवर नुसतं सर्च, आणि तिथेच या डॉपलरची जाहिरात समोर आली. “बाळाचे ठोके ऐका, निश्चिंत राहा, नवव्या आठवड्यापासून.” निश्चिंत हा शब्द माझ्यासाठी तेव्हा सोन्याच्या भावाचा होता हो. आठव्या आठवड्यात ठोके दिसले, रडले, घरी आले, चार दिवस बरे गेले, आणि पाचव्या दिवशी परत तेच, आज असतील का, आत्ता असतील का. दहाव्या आठवड्यात ऑर्डर टाकली.

पॅकिंग चांगलं आहे. प्रोबची केबल जरा आखूड वाटली, पलंगावर आडवं पडून स्क्रीन बघायचा तर मान वाकडी होते. दोन पेन्सिल सेल लागतात, ते बॉक्समध्ये नव्हते, हेडफोन होते. मॅन्युअल इंग्रजीत आणि त्यातलं निम्मं कळत नाही. सोबतचं जेल आठवड्यात संपलं, मग सर्जिकलच्या दुकानातून सोनोग्राफीचं जेल आणलं, ते स्वस्त मिळतं, त्यासाठी ऑनलाइन ‘बेबी जेल’ म्हणून महाग बाटली घेऊ नका. स्पीकरचा आवाज खणखणीत आहे, एवढा की बंद दारातून हॉलमध्ये टीव्ही बघणाऱ्या सासऱ्यांनी विचारलं, वॉशिंग मशीन लावलंय का एवढ्या रात्री.

आता पहिली रात्र. अकराव्या आठवड्यात आले होते, साडेअकरा वाजलेले. जेल लावलं, प्रोब ठेवला, खर्रर्र खर्रर्र. अर्धा तास फिरवत होते. मध्येच वारा सुटल्यासारखा हूश हूश आवाज यायचा आणि आकडा ८८. परत ९१. मी वाचलं होतं की बाळाचे ठोके ११० ते १६० असतात आणि या दिवसांत तर त्याहूनही जास्त, नवव्या-दहाव्या आठवड्याच्या आसपास १७० च्या घरात जातात आणि मग खाली येतात. म्हणजे ८८ म्हणजे काय? मी नवऱ्याला हलवून उठवलं, म्हटलं ठोके मंद झालेत. तो अर्धवट झोपेत, पण त्याचं डोकं चाललं, त्याने माझं मनगट धरलं आणि मोबाईलवर घड्याळ लावून मोजलं. ९०. ती माझीच नाडी होती, माझ्याच पोटातल्या मोठ्या रक्तवाहिनीची. तरी मला पटेना. मग या बाबाने बनियन वर केला, स्वतःच्या पोटावर जेल ओतलं आणि प्रोब लावला. हूश हूश, स्क्रीनवर ७४. वर तोंड करून म्हणतो, “बघ, मलाही दिवस गेलेत.” मी हसले आणि हसता हसता हमसून रडायला लागले, कारण त्याचा सापडला, माझा सापडला, जिचा पाहिजे होता तिचाच नाही सापडला. तिचा म्हणजे तिचा किंवा त्याचा, आम्हाला माहीत नाही आणि कोणी विचारूही नका, क्लिनिकच्या भिंतीवर बोर्ड आहे, पीसीपीएनडीटी, १९९४ चा कायदा आहे.

दुसऱ्या दिवशी ऑफिस बुडवून सोनोग्राफी. घोडबंदर रोडवरून रिक्षाने, मेट्रोच्या कामाचे पत्रे, खड्डे, मी दोन्ही हातांनी सीट वर उचलून धरल्यासारखी बसलेले, आणि “दादा हळू घ्या” एवढ्या वेळा म्हटलं की शेवटी तो म्हणाला ताई, याहून हळू घेतली तर ती उभी राहील. मॅडमनी प्रोब ठेवला आणि तीन सेकंदात ठोके, १६६, स्क्रीनवर ते पिल्लू हात हलवत होतं. त्यांनी मग शांतपणे सांगितलं की बारा आठवड्यांपर्यंत गर्भाशय ओटीपोटातल्या हाडाच्या मागेच असतं, वर आलेलंच नसतं, त्यात माझी वार पुढच्या बाजूला आहे, म्हणजे पोट आणि बाळ यांच्यामध्ये उशी ठेवल्यासारखी, आणि ते हूश हूश बहुतेक त्या वारेतल्या माझ्याच रक्ताचं. शिकलेल्या माणसालाही दहाव्या-अकराव्या आठवड्यात हे पटकन सापडत नाही, तुला कुठून सापडणार. बॉक्सवर मात्र नवव्या आठवड्यापासून छापलंय. मी कस्टमर केअरला कळवलं, तर उत्तर आलं की रोज दोनदा प्रयत्न करा आणि भरपूर जेल वापरा. रिटर्न मागितला तर म्हणे हे हायजीन प्रॉडक्ट आहे, एकदा जेल लागलं की परत घेत नाही. म्हणजे वापरल्याशिवाय कळत नाही आणि वापरलं की परत नाही, बसा.

त्या दिवशी मॅडमनी विचारलं, “दिवसातून किती वेळा लावतेस?” मी म्हटलं दोन-तीनदा. खोटं. पुढच्या आठवड्यांत तर हे अजून वाढलं. किचनमधल्या कॅलेंडरवर मी दुधाचा हिशोब लिहिते, दीड लिटर, एक लिटर, खाडा असं, त्याच चौकोनात बाजूला पेन्सिलने ठोके लिहायला लागले. १६२. १५८. सापडले नाहीत. १६०. सापडले नाहीत. सापडले नाहीत. १५९. एका दिवशी एका चौकोनात नऊ आकडे आहेत. दूधवाल्याचा हिशोब करताना नवऱ्याने ते बघितलं आणि काही न बोलता फोटो काढून ठेवला. नंतर म्हणाला, मला वाटलं तू दोनदाच लावतेस.

आणि हेच मला सांगायचंय या मशीनबद्दल. आकडा सापडला की बरं वाटतं, खोटं नाही बोलणार, तो घोडा दौडल्यासारखा टपटप टपटप आवाज पहिल्यांदा नीट मिळाला तेराव्या आठवड्यात, अंगावर काटा आला. पण ते बरं वाटणं टिकायचं किती, तर सुरुवातीला दिवसभर, मग दुपारपर्यंत, मग वीस मिनिटं. सोळाव्या आठवड्यात मी ऐरोलीला ऑफिसच्या वॉशरूममध्ये पर्समधून डॉपलर काढून उभ्याउभ्या लावून बघत होते. चिंता कमी करायला घेतलेलं मशीन चिंतेचं बटण झालं होतं. बरं, समजा एखाद्या दिवशी अकराव्या आठवड्यात खरंच ठोके थांबलेत हे या मशीनने मला सगळ्यात आधी सांगितलं असतं, तर मी काय केलं असतं? काहीच नाही. या दिवसांत ठोके थांबलेले कोणी चालू करू शकत नाही. हे वाक्य मॅडमनी मला तोंडावर सांगितलं, ऐकताना क्रूर वाटलं, पण खरं सांगू, त्यांच्या सगळ्या गोड वाक्यांपेक्षा मला त्याचाच उपयोग झाला.

आई गावाहून आली होती तेव्हा, तिने दोन दिवस माझे हे चाळे बघितले. आमची चिपळूणकडे थोडी शेती आहे. ती जेलचा हात पदराला पुसत म्हणाली, “बी पेरल्यावर रोज माती उकरून बघतात का गं? उगवायचं ते पण नाही उगवायचं.” मी चिडले तिच्यावर. तिला कळत नाही म्हटलं. मग रात्री तिने सांगितलं की माझ्या आधी तिचे दोन गेले होते, एक तिसऱ्या महिन्यात, एक अडीच. बत्तीस वर्षांत मला हे माहीत नव्हतं. तेव्हा कोणी सांगायचं नाही, म्हणाली, सासू म्हणायची वेडंवाकडं खाल्लं असेल. चोरओटी भरायच्या आत गेलं की ते मोजायचंच नाही, असं होतं.

वेडंवाकडं खाल्लं असेल! हे अजून चालू आहे बरं का. पपई खाल्ली होतीस का, तीळ खाल्लेस का, जिना चढलीस का, ग्रहणात बाहेर गेली होतीस का. मला शेजारच्या काकूंनी थेट विचारलं की लोकलने जात होतीस ना, म्हणूनच झालं. मॅडमनी मला जे सांगितलं ते इथे लिहिते कारण मला ते पहिल्यांदा झालं तेव्हा कोणी नीट सांगितलं नव्हतं. टेस्ट पॉझिटिव्ह आलेल्या शंभर प्रेग्नन्सीत दहा ते वीस अशा संपतात, बहुतेक पहिल्या तीन महिन्यांतच. त्यातल्या निदान निम्म्यांत गर्भाचे क्रोमोसोम सुरुवातीलाच चुकीच्या संख्येने जुळलेले असतात, म्हणजे तो गर्भ पुढे वाढणारच नसतो, तुम्ही लोकलने जा नाहीतर पालखीत बसून जा. वय वाढलं की हे प्रमाण वाढतं, पस्तिशीनंतर जास्त. खड्ड्यातून रिक्षाने गेल्याने, ऑफिसला गेल्याने, पिकलेल्या पपईची एक फोड खाल्ल्याने पडत नाही. कच्ची पपई टाळा, तिच्यात चीक असतो, तेवढंच. सिगरेट, दारू, ताब्यात नसलेली शुगर आणि थायरॉईड यांनी मात्र खरंच धोका वाढतो, पण त्यावर शेजारच्या काकू कधी बोलत नाहीत. एकदा झालं म्हणून पुढच्या वेळी होणारच असंही नाही, बहुतेक जणींची पुढची प्रेग्नन्सी नीट पार पडते. आणि आठव्या आठवड्यात चांगले ठोके दिसले की धोका बराच खाली येतो. हे शेवटचं मी फ्रिजवर लिहून ठेवलं होतं. दररोज दूध काढताना वाचायचे आणि तरीही बेडरूममध्ये जाऊन डॉपलर लावायचे, माणूस असा असतो.

नवव्या आठवड्यात एकदा स्पॉटिंगपण झालं होतं, ते राहिलं सांगायचं. ठाणे स्टेशनवर ऐरोलीच्या ट्रेनमध्ये बसले होते, उतरून वॉशरूमला गेले तर तपकिरी डाग. माझे पाय गळाले. फोनवर मॅडमचे प्रश्न: रंग कुठला, पॅड भिजतंय की नुसता डाग, एका बाजूला जोरात दुखतंय का, चक्कर, खांद्यात दुखतंय का, ब्लड ग्रुप कुठला. तपकिरी म्हणजे जुनं रक्त, सुरुवातीच्या महिन्यांत चारातल्या एकीला थोडंफार ब्लीडिंग होतं आणि त्यातल्या बऱ्याच जणींचं पुढे सगळं नीट होतं. लालभडक, तासाला एक पॅड भिजतंय, एकाच बाजूला असह्य दुखतंय, डोळ्यांपुढे अंधारी, खांद्याच्या टोकाशी कळ, ताप, यातलं काही असेल तर वाट बघायची नाही, रात्र असली तरी हॉस्पिटल गाठायचं, गर्भ पिशवीऐवजी ट्यूबमध्ये राहिलेला असू शकतो आणि ते जिवावर बेततं. गाडी नसेल तर १०८ लावा. ब्लड ग्रुप निगेटिव्ह असेल तर डॉक्टरांना आपणहून सांगा, अँटी-डी इंजेक्शन द्यायचं का ते त्या ठरवतात. मला प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या दिल्या, पण सोबत हेही सांगितलं की या सगळ्यांनाच लागतात असं नाही, आधी मिसकॅरेज झालंय आणि आता ब्लीडिंगही होतंय अशांमध्ये याचा फायदा दिसलाय. मी विचारलं, पलंगावर झोपून राहू? तर नाही म्हणाल्या, झोपून राहिल्याने मिसकॅरेज टळतं याला पुरावा नाही, उलट पायात रक्ताची गुठळी व्हायची भीती. सासूबाई यावर नाराज झाल्या, त्यांना वाटलं डॉक्टरीण सुनेला ऑफिसला पाठवायला टपलीये.

आता दुसरी गोष्ट, आणि या गोष्टीमुळे मी चार स्टारांवरून दोनावर आले. कारण खरं तर विसाव्या आठवड्यानंतर हालचाल जाणवायला लागली, तसा माझा डॉपलर आपोआप कमी झाला, आठवड्यातून एकदा, घरच्यांना ऐकवायला. सासऱ्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले वॉशिंग मशीन नाही, हे तर घोडं आहे. मी तेव्हा रिव्ह्यू लिहिला असता तर छान लिहिला असता.

एकोणतिसावा आठवडा, माझं डोहाळजेवण होतं. फुलांचे दागिने, हिरवी साडी, पेढा की बर्फी, चाळीस माणसं, फोटो, दिवसभर उभी. रात्री सगळे गेले, मी पाठ टेकली आणि लक्षात आलं की सकाळपासून लाथ आठवतच नाहीये. गडबडीत कळलं नसेल म्हटलं. डावीकडे वळून झोपले, थंड पाणी प्यायले, वाट बघितली, एकच अगदी बारीक काहीतरी वाटलं. छाती धडधडायला लागली. डॉपलर काढला, जेल लावलं, दोन मिनिटांत टपटप आवाज आणि आकडा १२२. हुश्श. ११० ते १६० च्या मध्ये आहे ना, मग झालं. झोपले.

सकाळीही हालचाल कमीच. तेव्हा मात्र फोन केला आणि मॅडमचा आवाज चढलेला मी पहिल्यांदा ऐकला. आत्ताच्या आत्ता ये. पाऊण तास पट्टे बांधून एनएसटी, म्हणजे बाळाच्या ठोक्यांचा आलेख, काढला, बाळ नीट होतं, देवाची कृपा, नंतर तर अशी उसळी मारली की पट्टा सरकला. मग मॅडमनी विचारलं, “रात्री तो १२२ आकडा आला तेव्हा तुझी स्वतःची नाडी किती होती?”

मी बघितलीच नव्हती. घाबरलेल्या माणसाची नाडी १२० सहज होते. आणि आदल्या महिनाभरात माझ्या मशीनवर बाळाचा आकडा कायम १४०-१४५ यायचा. म्हणजे मी रात्री बहुतेक माझीच धडधड ऐकली, आणि माझ्याच भीतीच्या आवाजाने निश्चिंत होऊन झोपी गेले. बहुतेक म्हणतेय, कारण आता ते कधीच कळणार नाही.

त्यांनी सांगितलं की ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २००९ साली अशीच एक केस आली होती, ३८ व्या आठवड्यातली बाई, हालचाल कमी झाली, घरच्या डॉपलरवर आवाज ऐकून थांबली, तो आवाज तिच्या नाडीचा किंवा वारेचा असावा, आणि हॉस्पिटलला पोचेपर्यंत बाळ गेलेलं. शिवाय ठोके खरेच बाळाचे असले तरी नुसत्या ठोक्यांवरून बाळ मजेत आहे की अडचणीत ते कळत नाही, त्रासात असलेलं बाळ आधी हालचाल कमी करतं, ठोके शेवटपर्यंत चालू राहतात. म्हणून अठ्ठाविसाव्या आठवड्यानंतर हालचालीकडे लक्ष द्यायचं, नेहमीपेक्षा कमी वाटली की थेट हॉस्पिटल, मध्ये हे खेळणं आणायचं नाही. अमेरिकेच्या एफडीएनेपण २०१४ मध्ये लोकांना सांगितलंय की हे घरगुती वापरासाठी घेऊ नका, एक तर या लहरींनी शरीरातलं तापमान किंचित वाढू शकतं आणि घरी कोण किती वेळ लावतंय यावर कुणाचं लक्ष नसतं. नऊ वेळा लावणारीला हे ऐकून कसं वाटलं असेल विचारा. मॅडम म्हणाल्या झालं ते झालं, नुकसान काही दिसत नाहीये, पण आता पुरे. मॅन्युअलमध्ये यातलं काही नाही, मी नंतर भिंग घेऊन वाचलं, शेवटच्या पानावर बारीक अक्षरात एवढंच की हे वैद्यकीय सल्ल्याला पर्याय नाही. आणि बॉक्सवर पुढे मोठ्या अक्षरात निश्चिंत राहा.

तर कुणी घ्यावा? मला खरंच कोणी दिसत नाहीये. बारा आठवड्यांच्या आत सापडत नाही आणि सापडला नाही की अर्धमेल्या होता. मधल्या महिन्यांत हौस म्हणून ठीक, पण साडेतीन हजारांची हौस. आणि शेवटच्या महिन्यांत जेव्हा खरोखर गरज वाटते तेव्हाच तो फसवतो. ज्यांचं आधी गेलंय त्या माझ्यासारख्या बायकांनाच याची जाहिरात सगळ्यात जास्त दिसते, रात्री दोनला, मला तर याचाच राग येतो.

मला कशाने बरं वाटलं विचाराल तर मॅडमनी त्या अकराव्या आठवड्याच्या धिंगाण्यानंतर एक सोय करून दिली, शुक्रवारी संध्याकाळी ओपीडी संपताना ये, दोन मिनिटं ठोके ऐकवते, फी नाही. मी तीन वेळाच गेले. शुक्रवारी ऐकायला मिळणारे म्हटल्यावर मंगळवार-बुधवार निभायला लागले, पण पर्समध्ये डॉपलर होताच, म्हणून पूर्ण फायदा घेतला नाही मी त्याचा. तुम्ही तुमच्या डॉक्टरांना विचारून बघा, लाजू नका, जास्तीत जास्त नाही म्हणतील. आणि एकदा रात्री टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला, १४४१६ वर, फोन केला होता, सरकारी आहे, फुकट आहे, समोरची बाई मराठीत बोलली, तिने बाळाबद्दल काही सांगितलं नाही, माझ्याबद्दलच विचारत राहिली. आधीच्या वेळचं बोलले तिच्याशी, पहिल्यांदाच पूर्ण बोलले. नवऱ्यालाही तो स्क्रीन वळवल्याचं सांगितलं नव्हतं मी.

सध्या तेहतिसावा आठवडा चालू आहे. आमच्या बिल्डिंगमध्ये सातव्या मजल्यावर एक आहे, तिचंही गेल्या वर्षी गेलं होतं, आता परत दोन महिने झालेत. तिने लिफ्टमध्ये हळूच विचारलं, ताई तुमच्याकडे ते ठोके ऐकायचं मशीन आहे ना, देता का आठवडाभर. मी म्हटलं बिघडलंय गं. मग तिला घरी बोलावून चहा दिला, कॅलेंडरचं ते पान दाखवलं, नऊ आकड्यांचं. मशीन कपाटात वरच्या फळीवर आहे, त्यातले सेल नवऱ्याने एसीच्या रिमोटला टाकलेत.